एष्टी काहून बंद झाली?

(शाळेचं पटांगण. फक्कीनं आखलेला अर्धगोल. मुलं वाकून सरकीचे दाणे मांडताहेत.)

राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ. वावरात कापसाची वेचणी सुरू आहे, आणि जिल्हा परिषदेच्या या शाळेत आज विधानसभा भरणार आहे. गुरुजींनी पटांगणात फक्कीनं मोठा अर्धगोल आखला आणि मुलांना पहिलं काम दिलं : सरकीचे २८८ दाणे ओळीनं मांडा.

वेळ लागतो. लागू द्या. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार असतात, हे सगळ्यांना पाठ आहे. पण एकेक दाणा खाली ठेवताना त्या आकड्यामागं केवढा मुलूख पसरलाय, ते हातांना कळतं. एक दाणा म्हणजे एक मतदारसंघ. त्याच्यातली सगळी गावं, सगळे तांडे, सगळे पोड (कोलामांच्या वस्त्या) एकाच माणसाच्या तोंडून बोलणार.

(गुलाल लावलेले दाणे, अगदी जवळून.)

गुलाल लावलेले हे ६२ दाणे विदर्भाचे. अकरा जिल्ह्यांचे मिळून ६२. २००९ च्या निवडणुकीआधी ते ६६ होते. मतदारसंघांची फेररचना झाली आणि लोकसंख्येच्या हिशेबात आपले चार गेले. ते चार दाणे गुरुजींनी रेषेबाहेर ठेवायला सांगितलेत. मुलं त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाहतात.

मुंबई शहर आणि उपनगर मिळून ३६ जागा. गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, त्याला ३. जागा माणसं मोजून ठरतात, जमीन मोजून नाही. तत्त्व म्हणून ते मान्यच. पण त्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाला आपल्या आमदाराच्या दारापर्यंत जायला किती नदी-नाले ओलांडावे लागतात, हे त्या हिशेबात कुठंच येत नाही.

विदर्भाच्या ६२ दाण्यांतल्या ७ दाण्यांना हळदही लावलीय. राज्यात अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत आणि अनुसूचित जातींसाठी २९. जमातींच्या २५ पैकी ७ विदर्भात : मेळघाट, आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, आर्णी आणि हे राळेगाव. आपला दाणा कोणता हे कळल्यावर मुलांनी त्याच्याभोवती फक्कीचं गोल रिंगण काढलं. हे कोणी सांगितलं नव्हतं.

(मुख्याध्यापकांची खुर्ची दोन मुलं उचलून आणतात. सातवीतली मुलगी खुर्चीवर बसते.)

ही अध्यक्षांची जागा. निवडणूक झाली की राज्यपाल एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. त्याच्यापुढं सगळे आमदार शपथ घेतात, मग आपल्यातूनच एकाला अध्यक्ष आणि एकाला उपाध्यक्ष निवडतात. अध्यक्ष सहसा सत्ताधारी बाजूचा असतो. पण खुर्चीवर बसल्यावर त्याला मत देता येतं ते फक्त दोन्हीकडची मतं समान पडली तरच. त्याला पदावरून काढायचं तर चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. नुसतं हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही.

कोण बोलणार, किती वेळ बोलणार, कोणता शब्द कामकाजातून काढून टाकायचा, कोणती सूचना स्वीकारायची, हे सगळं या खुर्चीतून ठरतं. पक्ष बदलणारा आमदार अपात्र ठरतो की नाही, तेही राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणं इथंच. गावातल्या माणसाला मंत्री ठाऊक असतो, कधी मंत्र्याचा पीएसुद्धा ठाऊक असतो. या खुर्चीचं वजन मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

विदर्भानं या खुर्चीला माणसं दिली. नागपूरचे शेषराव वानखेडे १९७२ ते १९७७ अध्यक्ष होते; मुंबईचं क्रिकेटचं मैदान ओळखलं जातं ते त्यांच्याच नावानं. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचे नाना पटोले डिसेंबर २०१९ मध्ये अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै २०२२ पर्यंत ही खुर्ची भरलीच गेली नाही. तेवढा काळ उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सभागृह चालवलं. दोघंही नसले तर तालिका अध्यक्षांपैकी कोणीतरी बसतं. तालिका म्हणजे अशा वेळी खुर्चीवर बसणाऱ्या सदस्यांची यादी; ती अधिवेशनाच्या सुरुवातीला जाहीर होते.

समोर टेबलावर ठेवलेली ही काठी म्हणजे राजदंड, अध्यक्षांच्या अधिकाराची खूण. बातम्यांमध्ये तो पळवताना दिसतो, म्हणून मुलांना सगळ्यात आधी तोच लागला.

(मुलं दोन गटांत बसतात. एकमेकांकडे पाहून हसतात.)

अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. २८८ मध्ये बहुमत १४५ चं. मुख्यमंत्री धरून मंत्री जास्तीत जास्त ४३, कारण २००३ च्या घटनादुरुस्तीनं ही मर्यादा सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली. प्रत्येक पक्षाचा एक प्रतोद. मतदानाच्या वेळी आपले सदस्य जागेवर आहेत की नाही, ही जबाबदारी त्याची. कामकाज चालवायला किमान एक दशांश सदस्य हवेत, म्हणजे २९. त्याहून कमी असले तर कोणीही उठून गणसंख्येकडे बोट दाखवू शकतो.

विरोधी बाकांवरची ही पहिली जागा विरोधी पक्षनेत्याची. २०२३-२४ मध्ये ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या विजय वडेट्टीवारांकडे होती. २०२४ च्या निवडणुकीत कोणत्याही एका विरोधी पक्षाला एक दशांश जागा मिळाल्या नाहीत, आणि ही जागा रिकामी राहिली. गुरुजींनी मात्र इथं एका मुलीला बसवलंय. आमच्या मते त्यांनी बरोबर केलं. विचारणारं कोणी समोर नसेल, तर उत्तर देणारा सैल पडतो.

(विरोधी पक्षनेत्याच्या जागेवरची मुलगी दप्तरातून कागद काढते. उभी राहते. वाचते.)

"आमच्या गावची सांजची एष्टी काहून बंद झाली?"

सगळं पटांगण हसलं, कारण प्रश्न खरा आहे. ती गाडी बंद झाल्यापासून आठवीनंतरच्या मुलींना शाळेतून परतताना पायी यावं लागतं.

गुरुजींनी तो प्रश्न फळ्यावर सभागृहाच्या भाषेत लिहून दाखवला. तो आम्ही जसाच्या तसा टिपला :

"सन्माननीय परिवहन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : एक, सदर गावची सायंकाळची बस बंद करण्यात आली, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

विधानसभेतले प्रश्न असेच विचारले जातात. ही चार पायऱ्यांची रचना फार विचार करून केलेली आहे. पहिल्या पायरीवर मंत्र्याला "हे खरे आहे", "हे अंशतः खरे आहे" किंवा "हे खरे नाही" यातलं एक काहीतरी म्हणावंच लागतं. पुढं "प्रश्न उद्भवत नाही" असं म्हणून सुटका करून घ्यायची, तर आधी ती घटनाच नाकारावी लागते, आणि तेही छापील, नोंदीत. म्हणून प्रश्नाबरोबर गावानं पुरावा दिला पाहिजे : गाडी कोणत्या तारखेपासून बंद, आगाराला अर्ज कधी दिला, त्याची पोच कुठं आहे. आमदाराच्या हातात कागद असला तर "हे खरे नाही" म्हणणं अवघड जातं.

प्रश्नावर तारा असला तर तो तारांकित. त्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसला तर उत्तर नुसतं लेखी. दिवसाचा पहिला तास या प्रश्नोत्तरांचा. त्यानंतर लक्षवेधी सूचना येतात : तातडीचा, लोकांच्या जिवाशी असलेला विषय घेऊन मंत्र्याला निवेदन करायला लावण्याचा हा मार्ग. याखेरीज अर्धा तास चर्चा आहे, स्थगन प्रस्ताव आहे, औचित्याचा मुद्दा आहे. प्रश्नोत्तरांचा तास गोंधळात वाहून गेला की तोंडी उत्तर आणि उपप्रश्न गेले. उरतं ते फक्त कागदावरचं उत्तर.

(नागपूर. सिव्हिल लाइन्स. विधानभवनाचा दर्शनी भाग. आमदार निवासाबाहेर गाड्या.)

डिसेंबर. नागपूर. रस्त्याच्या दुभाजकांना नवा रंग, रामगिरीवर मुख्यमंत्री, रविभवनात मंत्री, हैदराबाद हाऊसमध्ये मुख्यमंत्र्यांचं कार्यालय. थोड्या दिवसांसाठी राज्याचा कारभार इथं येतो, आणि त्याला कारण आहे.

१९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग मध्य प्रदेशची. मराठी मुलूख एक व्हावा म्हणून विदर्भानं आपली राजधानी सोडली. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ ला, मराठी भागांतल्या नेत्यांमध्ये नागपूर करार झाला होता. त्यात लिहिलं होतं की सरकार दरवर्षी ठरावीक काळासाठी नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं होईल. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी नागपूरला पहिलं अधिवेशन भरलं. मुंबईत सभागृह आहे, तिथं अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशनं होतात. इथलं हिवाळी अधिवेशन आपल्या हक्काचं आहे. कोणी आपल्यावर उपकार म्हणून ते भरवत नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये ते नागपूरला झालंच नाही. २०२४ चं १६ डिसेंबरला सुरू झालं आणि २१ डिसेंबरला संपलं. सहा दिवसांत ६२ मतदारसंघांचे प्रश्न कसे विचारून होणार? यवतमाळ, गडचिरोली, बुलडाण्याहून माणूस निघतो, मोर्चात उभा राहतो, आणि त्याचा विषय कामकाजपत्रिकेवर यायच्या आत सभागृह संस्थगित झालेलं असतं.

(मोर्चे. झिरो माईल. टेकडी रोडवर बसलेल्या अंगणवाडी ताई, भाकरी सोडताना. गोवारी स्मारक.)

हे मोर्चे अधिवेशनाचाच भाग आहेत. आतमध्ये बोलायला मिळत नाही तो इथं बोलतो. कोणाचं मानधन, कोणाचा धानाचा बोनस, कोणाचे वनहक्काचे दावे. एखादा मंत्री बाहेर येतो आणि निवेदन घेतो, नाहीतर शिष्टमंडळाला आत बोलावलं जातं. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. हे त्यांचं स्मारक.

(जिल्हा परिषदेच्या आवारात गाड्यांची रांग. फायलींचे गठ्ठे घेऊन धावणारे कर्मचारी.)

अधिवेशन संपलं तरी विधानसभेचं काम थांबत नाही. ते समित्यांमध्ये चालतं, आणि समित्या गावाच्या जवळ येतात. ही पंचायत राज समिती. जिल्ह्यात नुसतं "पीआरसी येणार" म्हटलं की महिनोन् महिने न सापडलेल्या फायली सापडतात, शाळेच्या मुताऱ्यांना पाणी लागतं, आरोग्य केंद्राचे डॉक्टर मुक्कामी राहतात. समितीत विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांचे आणि सगळ्या पक्षांचे सदस्य असतात. लेखापरीक्षणातले आक्षेप घेऊन ते अधिकाऱ्यांची साक्ष काढतात.

अशीच लोकलेखा समिती. तिचं अध्यक्षपद प्रथेनं विरोधी पक्षाकडे जातं. अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती, रोजगार हमी योजना समिती. आणि आश्वासन समिती : मंत्र्यानं सभागृहात "करतो" म्हटलेलं काम झालं की नाही, हे पाहणं एवढंच तिचं काम. समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, म्हणून त्या आपल्याला टीव्हीवर दिसत नाहीत.

विधान परिषदेत ७८ सदस्य. त्यांच्या निवडीच्या वाटा वेगळ्या. पण मंत्रिमंडळ जबाबदार आहे ते विधानसभेला, आणि पैशाचं विधेयक मांडलं जातं तेही इथंच. परिषदेला त्यावर चौदा दिवसांत फक्त शिफारस करता येते.

विदर्भ विकास मंडळाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढं ठेवावा, असं राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात आहे. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्याबरोबर सिंचनाच्या, रस्त्यांच्या अनुशेषाचा, म्हणजे मागं पडलेल्या कामांचा, दरवर्षीचा हिशेबही सभागृहाच्या पटलावर यायचा थांबला.

(कॅनलचं शेवटचं टोक. कोरडी पाटचारी, तिच्यात उगवलेलं गवत. पाटचारीच्या काठावर दोन-तीन शेतकरी.)

पाटचारीच्या टोकाला बसलेल्या काकांनी आम्हाला विचारलं, "पानी टेलपर्यंत येत नाही, त्याचा अर्ज आम्ही कोनाले द्याचा? आमदाराले, का विधानसभेले?"

काका, दोघांनाही देता येतो. विधानसभेची एक विनंती अर्ज समिती आहे. नागरिकांनी सह्या केलेला अर्ज सदस्यामार्फत सभागृहात सादर होतो. समिती तो वाचते, खात्याचं म्हणणं मागवते, लागलं तर अधिकाऱ्यांना समोर बसवते आणि आपला अहवाल सभागृहाला देते. अर्जात मागणी एकच ठेवा आणि भाषा सभ्य ठेवा. पाटचारीचा नंबर, पाणी न पोचलेल्या वावरांचे गट नंबर आणि आधी दिलेल्या अर्जांच्या पोचा सोबत लावा. आमदारसाहेब गावात आले की तो त्यांच्या हाती द्या. एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत चढवून घ्या, आणि पुढच्या अधिवेशनात तो सादर झाला का, हे आमदारांना विचारा.