आजी, ती डबी जरा कॅमेऱ्यासमोर धरा

विसरणं वाढलेल्या ज्येष्ठांचं ऑनलाइन पुनर्वसन, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून व्हिडिओ कॉलवरून दिलेली मदत, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोबाइलवरचा खेळ येतो. चित्रांच्या जोड्या लावायच्या, गुण मिळवायचे, आणि रोज अर्धा तास खेळलं की विसरणं थांबेल अशी आशा धरायची. या आशेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण ती फोल ठरली की घरातली माणसं खचतात.

मी बोलते आहे ते सौम्य बोधात्मक दुर्बलतेबद्दल. ती म्हणजे डिमेन्शिया, अर्थात स्मृतिभ्रंश, नव्हे. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उणी पडते, ते त्या व्यक्तीला जाणवतंही, पण रोजचे व्यवहार ती स्वतः सांभाळते. प्रत्येकाची वाट पुढे डिमेन्शियाकडे जात नाही. काही जण पूर्ववत होतात. म्हणून आधी डॉक्टर. बी१२, थायरॉइड, नैराश्य, झोप, कमी ऐकू येणं, चालू असलेली औषधं, हे सगळं तपासून घ्या.

आता खेळांकडे येऊ. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ चाचणीत ६५ वर्षांपुढच्या २,८०२ जणांचे गट केले. कुणाला स्मरणाचा सराव दिला, कुणाला तर्काचा, कुणाला पाहिलेलं झटकन ओळखण्याचा; चौथ्या गटाला काहीच नाही. दहा वर्षांनी तर्काचा आणि वेगाचा फायदा काहीसा टिकला होता, स्मरणाचा नाही. सराव केलेल्या तिन्ही गटांनी सांगितलं, की रोजच्या कामात आम्हाला अडचण कमी येते. पण तीच कामं प्रत्यक्ष करायला लावून मोजली, तेव्हा फरक दिसला नाही. आणि ही माणसं तर दुर्बलता नसलेली होती! मी सराव करू नका म्हणत नाही. पण पडद्यावर वाढलेले गुण आपोआप घरात उतरत नाहीत.

पुनर्वसनाची सुरुवात कामापासून होते, आणि ते काम आजी-आजोबांनी स्वतः निवडायचं. समजा, रक्तदाबाची गोळी घेतली की राहिली, हेच आठवत नाही. दवाखान्यात यावर नुसती चर्चा होते. व्हिडिओ कॉलवर मी म्हणते, ‘आजी, गोळ्या कुठे असतात ते दाखवा.’ कॅमेरा फिरतो आणि कळतं, डबी बंद ड्रॉवरमध्ये आहे. मग सात कप्प्यांची डबी आणायची, ती चष्म्याशेजारी ठेवायची. हे घर दिसणं, ऑनलाइन पद्धतीचं खरं बळ मला यात वाटतं.

नवीन सवय शिकवताना अंदाज बांधायला लावू नये, कारण चुकीचं उत्तरच डोक्यात बसू शकतं. मी आधी सांगते, ‘गोळ्या चष्म्याशेजारी.’ मिनिटाने विचारते, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. अडखळल्या की लगेच उत्तर सांगायचं आणि जमलेल्या अंतरावर परत यायचं. घरच्यांचं ‘आठवतंय का? सांग बघू!’ हे मात्र थांबायला हवं. त्यात प्रेम असतं, पण समोरच्याला ती परीक्षाच वाटते.

पहिली एक-दोन सत्रं यंत्र हाताळण्यातच जातात, जाऊ द्यावीत. वार आणि वेळ ठरलेली असावी, आवाज स्वच्छ यावा. मुलगा-सून शेजारी बसले तर चालतं. उत्तर त्यांनी द्यायचं नाही, आणि मीही त्यांच्याशी नाही, आजींशी बोलायचं.

काही आठवड्यांनी मी पुन्हा डबी दाखवायला सांगते. झालेल्या दिवसांचे कप्पे रिकामे दिसले, की पुढचं काम कोणतं, हे आजींनाच विचारते.