मोठी फाईल नेमकी अडते कुठे?

मित्रहो, मोठी फाईल अपलोड होत नाही अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनकडे जातो आणि दिसेल ती मर्यादा वाढवली जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, मर्यादेला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : फाईल नाकारली कोणी? ब्राउझरमधून निघालेली फाईल थेट आपल्या प्रोग्रॅमच्या हाती पडत नाही. वाटेत लोड बॅलन्सर (आलेले काम अनेक सर्व्हरांत वाटणारा), एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर आणि पीएचपी (आपला प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेला असतो ती चालवणारी यंत्रणा) असे टप्पे असतात, आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी असून एकाला दुसऱ्याच्या मर्यादेचा पत्ता नसतो.

माझ्यापुढे आलेले एक प्रकरण सांगतो. जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक जमवणाऱ्या एका संस्थेत २३ एमबीची पीडीएफ चढवताना फॉर्म परत येई आणि ‘शीर्षक भरणे आवश्यक आहे’ असे लाल अक्षरांत सांगे. शीर्षक तर भरलेले होते! फाईल चढवणाऱ्या बाईंनी ते चार वेळा पुन्हा टाइप केले होते. एनजिनएक्सची मर्यादा मुळात फक्त १ एमबी असते, ती तेथे ६४ केलेली होती. पीएचपीची एका फाईलची मर्यादाही २ वरून ५० एमबीवर नेलेली होती. राहून गेली होती ती संपूर्ण फॉर्मची, म्हणजे ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही मर्यादा, आणि ती मूळच्या ८ एमबीवरच होती. ती ओलांडली गेली की पीएचपी फाईलबरोबर फॉर्ममधली सगळीच माहिती टाकून देते आणि प्रोग्रॅमपुढे कोरा फॉर्म येतो. त्यामुळे शीर्षक नाही ही त्याची तक्रार त्याच्या दृष्टीने खरीच होती. पीएचपीच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ८३,८८,६०८ बाइटची (म्हणजे ८ एमबीची) मर्यादा ओलांडल्याची ओळ स्वच्छ लिहिलेली होती, पण तो लॉग कोणी उघडलाच नव्हता.

एनजिनएक्सने अडवले तर उत्तराचा क्रमांक ४१३ असतो. मात्र फाईल किती मोठी आहे हे सर्व्हरला सुरुवातीलाच कळते आणि तो लगेच नाही म्हणतो, तर ब्राउझर अजून पाठवतच असतो. अशा वेळी पुष्कळदा ४१३ दिसतच नाही, कनेक्शन तुटले एवढेच दिसते, आणि बिचारा वापरकर्ता आपल्या इंटरनेटला दोष देत बसतो. म्हणून वापरकर्त्याच्या पडद्यावरच्या मजकुरापेक्षा सर्व्हरच्या एरर लॉगवर विश्वास ठेवावा.

वेळेच्या मर्यादेचे प्रकरण याहून फसवे आहे. अपलोडची पट्टी १०० टक्क्यांपर्यंत जाते, तेथे मिनिटभर थांबते आणि मग ५०४, म्हणजे ‘वेळेत उत्तर आले नाही’ असा क्रमांक येतो. येथे अपलोड व्यवस्थित झालेले असते. एनजिनएक्स सहसा पूर्ण फाईल आपल्याकडे घेऊन मगच ती मागच्या प्रोग्रॅमला देतो आणि उत्तराची ६० सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात प्रोग्रॅमचे काम, उदाहरणार्थ पीडीएफच्या प्रत्येक पानाचे चित्र काढणे, आटोपत नाही. असे काम रांगेत टाकून वापरकर्त्याला लगेच पोच द्यावी. नुसती वेळ वाढवल्याने दुखणे पुढे ढकलले जाते. तात्पुरत्या फाईलींची डिस्क भरली आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

खरोखरच मोठ्या फाईलींसाठी मात्र मर्यादा वाढवत राहणे हा मार्गच नव्हे. १ जीबीची फाईल २ एमबीपीएसच्या (सेकंदाला २ मेगाबिट) अपलोड वेगाने जायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि खेड्यातल्या मोबाइल नेटवर्कवर एवढा वेळ जोडणी टिकेल असे गृहीत धरणे हा वापरकर्त्यावर अन्याय आहे. फाईलचे तुकडे करावेत आणि तुटला तो तुकडाच पुन्हा पाठवावा. ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाईली साठवण्याच्या सेवेत ही सोय आहे : शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा आणि तुकडे जास्तीत जास्त १०,०००. अर्धवट राहिलेले तुकडे आपोआप पुसण्याचा नियम तेथे लावायला विसरू नये, कारण त्यांचेही भाडे चालू राहते.

त्या संस्थेत दुरुस्तीनंतर आम्ही ७, ९, ४९, ५१ आणि ६५ एमबीच्या फाईली मुद्दाम तयार करून एकेक चढवल्या, प्रत्येक नकार कोणत्या लॉगमध्ये उमटतो ते लिहून ठेवले, आणि फॉर्मवर फाईल निवडण्याच्या बटणाशेजारीच ‘कमाल ५० एमबी’ असे लिहिले.