बसलं की दुखतं, चढ आला की दुखतं : धावणाऱ्यांच्या कुल्ल्याखालचं दुखणं

(उपवन तलावाचा काठ, सकाळी साडेसहा. मी उभी आहे.)

नमस्कार. मागे इतका छान कठडा असून आज मी उभ्यानेच बोलणार आहे. मागच्या वर्षी याच कठड्यावर मला पाच मिनिटंही टेकता येत नव्हतं. पळणं सोडाच, बसणंच नको झालं होतं. तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं असतं तर माझे चार महिने वाचले असते, म्हणून हा व्हिडिओ.

दुखतं कुठे ते आधी बघा.

(कॅमेऱ्याकडे पाठ करते, बोट ठेवते.)

इथे. कुल्ला संपून मांडी सुरू होते तिथे घडी पडते ना, तिच्या जरा वर आणि आत. लाकडी बाकड्यावर बसलं की खाली टोचतं ते बैठकीचं हाड. मांडीमागचे हॅमस्ट्रिंगचे तीन स्नायू वरच्या बाजूला याच हाडाला टेंडनने जोडलेले असतात. टेंडन म्हणजे कंडरा, स्नायू आणि हाड यांच्यातला चिवट दोर. त्या जोडावरच दुखतं. बोलायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मीसुद्धा कितीतरी दिवस "कंबर धरलीय" एवढंच सांगत होते. पण जागा चुकीची सांगितली की उपचारही चुकीच्या जागी होतात. डॉक्टरांसमोर बोट ठेवूनच सांगा.

माझं सुरू झालं जून महिन्यात. ठाण्यातल्या ऑगस्टच्या वर्षा मॅरेथॉनची तयारी म्हणून आमच्या ग्रुपबरोबर येऊरच्या डोंगराचा चढ सुरू केला, तोही एकदम आठवड्यातून तीनदा. आधी महिनोन् महिने मी फक्त तलावाभोवती सपाट रस्त्यावर पळत होते. स्नायू काही आठवड्यांत सरावतो, टेंडनला महिने लागतात. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्याची सगळी कामं सावकाश चालतात. माझ्या फुप्फुसांना चढ जमत होता, मांड्यांना जमत होता, त्या दोराला जमत नव्हता. पहिल्यांदा नुसतं जखडल्यासारखं वाटायचं, दोन किलोमीटरनंतर मोकळं व्हायचं. इथेच बहुतेक जण फसतात. गरम झाल्यावर दुखणं जातं, म्हणून आपण पळत राहतो. मग एक दिवस दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलायला वाकले आणि अशी कळ आली की भिंत धरली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थोडा वेळ घेऊन सांगते.

मांडीमागे आखडलं की आपण काय करतो? ताणतो. मीही तेच केलं. रोज बारा सूर्यनमस्कार, पादहस्तासनात जास्तच थांबायचं, वर पश्चिमोत्तानासन. ताण बसताना बरं वाटायचं, दुपारी ऑफिसमध्ये ठणका. असं का व्हायचं? आपण कमरेतून पुढे वाकतो तेव्हा टेंडन बैठकीच्या हाडावरून वळतं आणि त्याच्यावर दाबलं जातं. दोरी भिंतीच्या कोपऱ्यावरून ओढावी, तसं. आधीच दुखावलेल्या टेंडनला हा दाब आणि ताण एकदम मिळाला की ते आणखी चिडतं. चढ पळतानाही हेच होतं, कारण आपण पुढे झुकतो आणि मांडी जास्त वर येते. लांब ढांग टाकली की पाय टेकायच्या आधी हॅमस्ट्रिंगला ब्रेक लावावा लागतो, तोही भार त्याच जागी. उकिडवं बसणं, खाली वाकून लादी पुसणं, सगळं याच यादीत येतं. मांडी घालून जमिनीवर बसलं की हाडाखाली थेट दाब, गणपतीत मला आरतीनंतरचा प्रसाद उभ्यानेच खावा लागला. सूर्यनमस्कारांवर माझा अजिबात राग नाही, आता मी पुन्हा घालते. दुखरे महिने मात्र पुढे वाकणं बंद ठेवा.

दुसरी चूक पूर्ण विश्रांतीची. मला आधी सायटिका म्हणून सांगितलं गेलं, महिनाभर झोपून राहिले. बरं वाटलं. पळायला गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विश्रांतीने दुखणं शांत होतं, पण भार न मिळाल्यामुळे टेंडन आणखी कमजोर होतं. वेदनाशामक गोळीनेही मूळ दुरुस्ती होत नाही.

सायटिका आणि हे यात फरक काय? सायटिकात कळ बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली, पोटरीत, पावलात जाते. मुंग्या येतात, बधिर वाटतं, खोकलं-शिंकलं की झटका बसतो. टेंडनचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. पण सायटिक नस या हाडाच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात. तपासून घ्याच.

आणि हे दोन प्रसंग आले तर थांबू नका. पळताना मागे "टक्" आवाज होऊन मांडी काळी-निळी पडली तर टेंडन तुटलेलं असू शकतं, हाडांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये तिथला हाडाचा तुकडाच ओढला जाऊ शकतो. दुसरा प्रसंग, बैठकीची जागा बधिर होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं. तेव्हा त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

मग मी काय केलं? फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टेंडनला हळूहळू भार दिला. सुरुवात ब्रिजने.

(चटईवर पाठीवर झोपते, करून दाखवते.)

पाठीवर झोपायचं, टाचा कुल्ल्यापासून थोड्या लांब, कंबर उचलायची आणि तिथेच धरायचं. ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विसावा. हे जमलं की एका पायावर. नंतर वजन : हातात पाच किलो तांदळाची पिशवी, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, कुल्ले मागे ढकलत वाकायचं. पहिले काही आठवडे अगदी थोडंसंच वाकायचं. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर. आठ-आठ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. पुढे वजन वाढवायचं. पाच किलोवर थांबलात तर टेंडनला पळण्याइतकी ताकद येणार नाही. दोन महिन्यांनी मी जिमच्या बारबेलवर, म्हणजे वजनं लावायच्या लोखंडी दांड्यावर गेले.

दुखलं तर? दुखण्याला दहापैकी गुण दिले तर तीनपर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवशीइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. माझी परीक्षा तीच, दुधाची पिशवी. वाकताना जास्त दुखलं की कालचा व्यायाम जास्त झाला, त्या दिवशी कमी करायचं.

पळणं मी पूर्ण बंद ठेवलं नाही. सपाट रस्ता, कमी अंतर, छोटी पावलं. मिनिटाला १६० पावलं पडायची, ती १७० च्या आसपास नेली. ढांग आपोआप आखूड झाली, हॅमस्ट्रिंगवरचा भार कमी झाला. वेग आणि चढ सगळ्यात शेवटी.

बसण्याचं काय? ठाण्याहून ऐरोलीला मी ट्रान्स हार्बर लोकलने जाते. मध्ये एक दिघा गाव स्टेशन, तेवढं उभ्यानेच. ऑफिसात दर अर्ध्या तासाला उठायचं, खुर्चीवर मऊ उशी. स्कूटरवरच्या खड्ड्यांना मात्र उपाय सापडला नाही, तीन महिने रिक्षाच केली.

बरं व्हायला तीन ते सहा महिने धरा. मला साडेपाच लागले.

एका ताईंनी विचारलंय, "जुलैत दुखायला लागलं, ऑगस्टची रेस पळू का?" ताई, माझं उत्तर नाही असं आहे. बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या रेसच्या नंबरावर गेलेले पैसे जाऊ द्या. त्या सकाळी रस्त्याकडेला पाणी द्यायला या, उभ्याने. आणि ब्रिज आजच सुरू करा, टाचा थोड्या लांब ठेवून.