करकरतंय? थांबा, तेल सोडू नका

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी मी मोटरसायकलच्या पुढच्या डिस्कचे ब्रेक पॅड बदलले. आमच्याकडे त्यांना अजून लायनरच म्हणतात. लायनर खरं तर ड्रम ब्रेकचे, पण शब्द चिकटला तो चिकटला. जुने पॅड झिजून पत्र्याला टेकायला आले होते, तरी बिचारे गुपचूप काम करत होते. नवे घातले आणि तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला, तर अशी किंकाळी फुटली की टपरीवरची माणसं चहा सोडून वळून बघायला लागली. घरात बायको तेवढ्यावरून चहा टाकायला लागली. हॉर्नची गरजच उरली नाही.

पैसे मोजून आणलेली नवी वस्तू ओरडते म्हणजे माल खोटा, असं पहिल्यांदा मनात येतं. माझ्याही आलं. पण चूक बरीचशी माझी होती.

गाडी गार असताना जुन्या डिस्कवरून नख फिरवून बघा. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेघा लागतील. जुना पॅड त्या रेघांच्या मापाने झिजलेला असतो, नवा सपाट असतो. तो उंचवट्यांवर तेवढा टेकतो, क्षणभर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. सेकंदाला हजारो वेळा. सारंगीच्या तारेवर गज चालतो तोच हा प्रकार, फक्त इथे तारेच्या जागी पोलादी डिस्क आहे आणि वाजवणाऱ्याला सूर कळत नाही.

म्हणून नवे पॅड आधी 'बसवावे' लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 च्या वेगावरून 15 पर्यंत गाडी हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही. मग थोडं अंतर ब्रेक न लावता जायचं, म्हणजे डिस्क निवते. असं पंचवीस-तीस वेळा. त्यात पॅडच्या मसाल्याचा एक अगदी पातळ थर डिस्कवर चढतो आणि दोघांचं जमतं. त्यानंतरही पहिले दोनशे-अडीचशे किलोमीटर जोरकस ब्रेक टाळलेला बरा.

मी काय केलं? दुसऱ्याच दिवशी बायकोला मागे बसवून पाचगणीहून पसरणीचा घाट उतरलो. खाली वाई दिसायला लागेपर्यंत ब्रेक दाबूनच होतो. गिअर खाली घेऊन इंजिनला गाडी आवरू द्यावी, हे लोकांना सांगणारा मीच! पॅडमधला मसाला राळेने बांधलेला असतो. तो न बसताच भाजला आणि वरून काचेसारखा तुकतुकीत झाला. मेकॅनिकने पॅड काढून उन्हात धरला तेव्हा चक्क चमकत होता. त्याने सपाट फरशीवर पॉलिश पेपर पसरला, पॅड त्यावर घासून चमक घालवली, कडा किंचित तिरप्या केल्या, ब्रेक क्लीनरने डिस्क पुसली. धूळ मात्र फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. पूर्वी पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. आता बहुतेकांत ते नसलं, तरी ती धूळ छातीत जाण्याच्या लायकीची नाहीच.

पॅडच्या मागची पत्र्याची चकती किंवा स्प्रिंगची क्लिप घाईत राहून गेली, तरीही आवाज येतो. चकती राहिली तर किंचाळण्याचा, क्लिप राहिली तर खड्ड्यातून जाताना खडखडण्याचा.

आता मुद्द्याचं. आपल्या हाडात एक सवय मुरलेली आहे. झोपाळ्याच्या कड्या करकरल्या, तेल सोड. दार कुरकुरलं, तेल सोड. बैलगाडीच्या आसाला तर वंगण हवंच. आमच्या शेजारचे एक निवृत्त गुरुजी त्यांच्या गाडीच्या अशाच आवाजाला कंटाळले आणि शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब त्यांनी डिस्कवर सोडले. आवाज झटक्यात बंद! गुरुजी खूश. मंडईच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी आपली चाललीच. वांग्यांच्या हातगाडीला टेकून थांबली. नशीब, वेग बेताचा होता. वांगी मात्र सगळी विकत घ्यावी लागली.

गाडीत बहुतेक ठिकाणी घर्षण आपल्याला नको असतं, ब्रेक मात्र घर्षणावरच जगतो. तेल पॅडमध्ये मुरलं की ते पॅड टाकूनच द्यावे लागतात. उडालेला चेनचा स्प्रे मागच्या डिस्कवर बसतो, धुलाईवाला हौसेने टायरला पॉलिश मारतो, तेही त्यातलंच. उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं, पण पॅडच्या पाठीला आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्याच्या, सरकत्या पिनांना, तेही नखावर मावेल इतकंच.

पावसात भिजलेल्या गाडीचे सकाळचे पहिले दोन-तीन ब्रेक कुरकुरतात, ते सोडून द्या. पण ब्रेक न दाबताही चाक घासत असेल, थोडंसं फिरून आल्यावर डिस्कवर पाणी शिंपडलं तर चुर्र होत असेल, तर पॅडला डिस्ककडे ढकलणारा पिस्टन अडकलाय. नवे पॅड घालताना चिखल साफ न करताच त्याला मागे रेटलं की असं होतं. आणि पॅड बदलल्यावर गॅरेजच्या दारातच लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिला ब्रेक लिव्हर मुठीला टेकली तरी लागत नाही. आवाजापेक्षा मला याची भीती जास्त वाटते.

गुरुजींनी नवे पॅड घातले. काल पहाटे सहाला एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर ते ते बसवत होते. एकाच रस्त्यावर तीस वेळा पळायचं, हळू व्हायचं, पुन्हा पळायचं. शेवटी एका कारखान्याचा वॉचमन बाहेर आला आणि त्याने विचारलं, "गुरुजी, काय पडलंय का तुमचं?"