५४ रुपयांचा फरक

(दृश्य: पहाट, पावसाची रिपरिप. पडवीत उघडून ठेवलेली बाजाची पेटी.)

पावसाळ्यात बोरीच्या आमच्या घरी, पडवीत, एखादी तरी पेटी पोट उघडून बसलेली असतेच. कुठल्या तरी देवळातली, कुठल्या तरी भजनी मंडळाची. आपल्या गोव्याची हवाच अशी, की लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आतल्या पितळी सुरांवर, म्हणजे आवाज देणाऱ्या जिभांवर, हिरवट थर धरतो. आणि नेमकी श्रावणातच भजनांची धांदल. मग लोक पेटी उचलून बाबांकडे येतात.

पेट्या दुरुस्त करणं हा बाबांचा व्यवसाय नाही. ते अकाउंटंट आहेत.

(दृश्य: फोंड्याचा बाजार, अरुंद जिना, ऑफिसचं दार.)

दोन टेबलं, एक संगणक, आणि भिंतीच्या कपाटात लाल कापडी बांधणीच्या जुन्या कीर्द-खतावण्या. बाबा कामाला लागले तेव्हा सगळं हातानं चालायचं. पहिले काही महिने त्यांना नुसत्या बेरजा दिल्या होत्या. उभी बेरीज, आडवी बेरीज, आणि दोन्ही जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. पुढे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, २००५ मध्ये व्हॅट, १ जुलै २०१७ ला जीएसटी. दर वेळी नवे फॉर्म, नव्या तारखा. दुकानदार मात्र तेच, पिशवीत बिलं कोंबून आणणारे.

एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी नववीत असेन. तेरीज, म्हणजे नावे-जमेची गोळाबेरीज, जुळत नव्हती, फरक ५४ रुपयांचा. एवढ्या रकमेसाठी कोण बसून राहतं? बाबांनी ५४ ला ९ नं भागलं. "भाग जातो बाय, म्हणजे आकडे उलटे पडलेत." शेजारचे दोन अंक अदलाबदल होऊन लिहिले गेले, की फरकाला ९ नं पूर्ण भाग जातो, हे मला तेव्हा कळलं. भागाकार ६ आला, म्हणजे त्या दोन अंकांत सहाचं अंतर. मग १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९ अशा जोड्या शोधत आम्ही दोघं पानं चाळत बसलो. रात्री सापडलं. डिझेलचं बिल १,३८२ चं, वहीत १,३२८.

ते बिल खाणीवर टिप्पर चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं होतं. बाबांची निम्मी गिऱ्हाइकं तशीच होती, ट्रकवाले, गॅरेजवाले, खाणीच्या वाटेवर टपरी टाकलेले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा एकदा. त्या वर्षांच्या वह्यांत जमेची बाजू कोरी आणि खर्चाच्या बाजूला दर महिन्याला बँकेचा हप्ता. हिशेब पैशाला पैसा जुळायचा आणि समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना पाणी असायचं. बाबा त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन बसायचे, कागद समजावून सांगायचे, मुदत वाढवून मागायचे. त्याची फी त्यांनी कधी लावली नाही. त्यांच्या सगळ्या कामात मला याचंच सर्वांत जास्त मोल वाटतं.

(दृश्य: जवळून. कानस, चिमटा, पितळी सूर.)

पेटीचं वेड गावानंच लावलं. बोरी म्हणजे पेटीवादक पं. तुळशीदास बोरकरांचं गाव. १९३४ साली त्यांचा जन्म इथला, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पेटी ऐकून बाबाही शिकायला बसले. बोटं म्हणावी तशी फिरली नाहीत, पण कान तयार झाला.

सूर म्हणजे पितळेची बारीकशी जीभ. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. स्वर उतरला असेल तर मोकळ्या टोकाकडे घासायचं, चढला असेल तर मुळाशी. निघणारं पितळ इतकं थोडं, की पडवीच्या उजेडात दिसतही नाही. जास्त घासलं गेलं तर दुसऱ्या बाजूनं सावरावं लागतं, आणि सूर तेवढा अशक्त होतो. जोडीचे दोन सूर एकत्र वाजवले आणि त्यांच्यात किंचित फरक राहिला, तर आवाज हेलकावे खातो. जुळत आले की हेलकावे लांबत जातात, संथ होतात. बाबा तेव्हा डोळे मिटतात. "आयक," मला म्हणतात. शेवटचा हेलकावा मला कधी ऐकू येतो, कधी नाही.

(दृश्य: रात्र. वास्को, दामोदराच्या देवळापुढची गर्दी.)

श्रावण शुद्ध षष्ठीला वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. चोवीस तास अखंड भजन. बाबांनी आठवडाभर राबून जुळवलेली एक पेटी यंदा तिथे जाणार होती. दिवसभर ऑफिसचं काम उरकून आम्ही रात्री निघालो, झुआरीचा पूल ओलांडला आणि पोचलो तेव्हा एका तरुण गायकानं नुकता अभंग उचलला होता. वाजवणारा पोरगा विशीतला, हात मोठा गोड.

बाबा मागे खांबाला टेकून उभे राहिले. मी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर नेला. लोक टाळ्या धरून डोलत होते. गवळण सुरू झाली, पेटी वर चढली, आणि बाबांनी मान किंचित कलती केली.

"वरचा पंचम अजून हलतो गो," ते माझ्या कानात म्हणाले. "भजन संपलं की त्याला सांगूया, पेटी आमच्या गाडीत ठेव म्हणून."