राधानगरीच्या लक्ष्मी तलावापासून कुणकेश्वरच्या किनाऱ्यापर्यंत : एका दिवसाच्या प्रवासाचे नियोजन

नमस्कार. कोल्हापूरहून कोकणात उतरायला आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आंबोली असे अनेक घाट आहेत. त्यांपैकी फोंडा घाटाच्या वाटेबद्दल मी आज सविस्तर बोलणार आहे, कारण तळे, अभयारण्य, घाट आणि समुद्र ही चारही ठिकाणे एकाच दिवसात, घाई न करता, पाहता येतील असा दुसरा रस्ता या भागात मला दिसत नाही. कोल्हापूर ते देवगड हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. न थांबता गेल्यास साधारण चार तास पुरतात, पण तसे जायचे असेल तर हा रस्ता निवडण्याचे कारणच उरत नाही.

(पडद्यावर नकाशा : कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, नांदगाव, देवगड, कुणकेश्वर)

बहुतेक जण प्रवासाचा विचार निघण्याच्या वेळेपासून सुरू करतात. या प्रवासात तो समुद्रापासून मागे करत यावा, असा माझा आग्रह आहे. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि मे महिन्यात सातच्या सुमारास होतो. त्याआधी निदान दोन तास आपण किनाऱ्यावर असलो पाहिजे, म्हणजे हिवाळ्यात दुपारी चारपर्यंत कुणकेश्वरला पोहोचायला हवे. त्यासाठी जेवण धरून अडीचपर्यंत नांदगाव सोडावे लागते, घाट बारा ते एकच्या दरम्यान उतरावा लागतो आणि राधानगरी धरणाजवळ नऊ वाजता असावे लागते. अशा रीतीने कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरून निघण्याची वेळ सकाळी सात ही आपोआप ठरते.

आता तारीख. कोकणात भरतीच्या वेळेचा एक जुना हिशोब आहे : त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते, त्यामुळे संध्याकाळी चालायला वाळूचा पट्टा अरुंद मिळतो. पौर्णिमेला मात्र पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, ओहोटी सायंकाळी सव्वापाचच्या आसपास येते आणि नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी पुळण लांबवर उघडी पडलेली असते. शिवाय पश्चिमेला सूर्य बुडत असताना पूर्वेला चंद्र वर येत असतो. म्हणून पौर्णिमेच्या आगेमागे येणारा शनिवार निवडावा, असे मी सुचवेन. हा हिशोब अंदाजाचा आहे, तेव्हा निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक अवश्य पाहावे.

ऋतूंमध्ये माझी पसंती नोव्हेंबर-डिसेंबरला आहे. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने तलाव भरलेला असतो, झाडी हिरवी असते आणि समुद्र शांत झालेला असतो. पावसाळ्यात घाट अतिशय देखणा दिसतो हे खरे, पण दरडी, दाट धुके आणि खवळलेला समुद्र यांमुळे या प्रवासाचा उत्तरार्ध हातचा जातो. एप्रिल-मे महिन्यांत तलावाचे पाणी खाली गेलेले असते, मात्र देवगडचा हापूस त्याच दिवसांत मिळतो.

रंकाळ्यावर फार वेळ घालवू नये. संध्यामठ आणि पलीकडचा शालिनी पॅलेस यांवर सकाळचे ऊन पडलेले पाहावे, चहा घ्यावा, इंधनाची टाकी पूर्ण भरावी आणि राधानगरीचा रस्ता धरावा. हळदी आणि परिते या गावांवरून जाणारा हा पट्टा उसाचा आहे. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि पुष्कळदा त्यांच्या मागच्या बाजूला दिवाही नसतो. समोरचा रस्ता पूर्ण दिसत नसेल तर त्यांना ओलांडू नये. या पट्ट्यासाठी नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त धरावा.

राधानगरीला मात्र भरपूर वेळ द्यावा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास भोगावती नदीवर हे धरण बांधण्याचे काम हाती घेतले आणि धरणाजवळच्या गावाला आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावावरून राधानगरी हे नाव दिले. १९२२ साली महाराजांचे निधन झाले तेव्हा धरण अपुरे होते. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे हे आजही स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी येऊन पाहावे असे काम आहे. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की त्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. एका संस्थानाच्या राजाने दुष्काळाचा आणि शेतकऱ्याचा विचार करून मनात आणलेली ही गोष्ट शंभर वर्षांनंतरही कोल्हापूरची शेती भिजवते आहे, हे तिथे उभे राहून पाहताना फार भारावून जायला होते.

या धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजेच लक्ष्मी तलावाच्या, काठी उभे राहून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरसुद्धा नाही. तरीही या तलावाचे पाणी त्या समुद्राला मिळत नाही. ते भोगावतीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि कृष्णेतून थेट आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. पुढे फोंडा घाटाच्या माथ्यावर आपण जी धार ओलांडतो, ती या दोन समुद्रांचे पाणी वाटून देणारी धार आहे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना नकाशा उघडून हे दाखवावे. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला जलविभाजक त्यांना प्रत्यक्ष ओलांडायला मिळतो.

राधानगरीच्या पुढे रस्ता काही अंतर जलाशयाच्या कडेने आणि नंतर राधानगरी अभयारण्यातून दाजीपूरकडे जातो. १९५८ साली गव्यांसाठी जाहीर झालेले दाजीपूरचे अभयारण्य हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य मानले जाते. आज त्याचा विस्तार सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये त्याचा समावेश आहे. पावसाळ्यात आतील जंगलवाटा बंद असतात, तेव्हा सफारीचा विचार असेल तर वन विभागाकडे आधी चौकशी करावी आणि त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. सफारी आणि समुद्र एकाच दिवसात बसवू नये, कारण मग दोन्ही अर्धवट राहतात.

गवा पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतो. तो दिसल्यास गाडी दूर थांबवावी, हॉर्न वाजवू नये, प्रखर दिवे त्याच्यावर रोखू नयेत आणि छायाचित्रासाठी खाली उतरू नये. तो आपल्या चालीने रस्ता ओलांडून जातो, आपण फक्त थांबायचे असते. या भागात मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

(दृश्य : घाटमाथ्यावरून दिसणारे कोकण)

फोंडा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहण्याची सवय घातक ठरते. ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच खालच्या गिअरमध्ये तो उतरावा, चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी आणि वळणावर कधीही थांबू नये. देखावा पाहायचा असेल तर रस्ता रुंद असलेल्या जागी गाडी पूर्णपणे बाजूला घ्यावी. उतरता उतरता हवा दमट होत जाते, उसाच्या जागी माड, काजू आणि आंबा येतात, काळ्या कातळाऐवजी तांबडा जांभा दिसू लागतो आणि घरांच्या भिंतीही त्याच चिऱ्यांच्या होतात. एवढ्या थोड्या अंतरात मुलूख इतका बदललेला पाहण्यासाठी तरी हा घाट दिवसा उजेडी उतरावा.

फोंडाघाट गावात किंवा पुढे नांदगाव तिठ्यावर जेवून घ्यावे. नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला की शिरगाव, तळेबाजार आणि जामसंडे या गावांवरून रस्ता देवगडला जातो. देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर जवळ पडते आणि तो पूल ओलांडताना खाडीचे दृश्यही सुंदर दिसते.

कुणकेश्वरचे शिवमंदिर अगदी समुद्राला लागून आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, म्हणून ते दोन-तीन दिवस टाळावेत, अर्थात यात्रेसाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी. गाडी वाळूत उतरवू नये. ती रुतते आणि भरती आली की काढता येत नाही. पौर्णिमेच्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत पाणी वेगाने मागे हटत असते आणि ते माणसाला आत ओढते, तेव्हा घोट्याइतक्या पाण्यात पाय भिजवावेत, पोहायला जाऊ नये. कुठे उतरणे सुरक्षित आहे हे स्थानिक मच्छीमारांना विचारावे आणि ते नको म्हणाले तर ऐकावे.

मुक्काम किनाऱ्याजवळच करावा, कारण रात्री घाट चढून परत येणे मला मुळीच मान्य नाही. दुसऱ्या दिवशी लवकर उठल्यास, योग असेल तर, रापण, म्हणजे मच्छीमारांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना पाहायला मिळते. परतीला तळेरे, वैभववाडी आणि करूळ घाट चढून गगनबावड्यामार्गे कोल्हापूर गाठता येते, म्हणजे रस्ताही नवा मिळतो. तो घाट दरडीमुळे किंवा कामामुळे बंद असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. दुपारी एकपर्यंत देवगड सोडले की घाट उजेडात चढून होतो आणि मावळतीकडे झुकलेला सूर्य पाठीमागे राहत असल्याने चालकाच्या डोळ्यांवर ऊनही येत नाही.