काम आवडतं, हो. पण झोप येत नाही

(पडद्यावर: पहाटेचा आयसीयू, अर्धवट अंधार, मॉनिटरची बीप)

ही बीप ऐकू येतेय ना? आयसीयूत काम करणाऱ्यांना ती ऐकूच येत नाही खरं तर, पंख्याच्या आवाजासारखी मागे चालू असते. कान टवकारतात ते तिचा सूर बदलला की. पेशंटचा ऑक्सिजन उतरायला लागला की ही बीप खालच्या पट्टीत जाते, त्यासाठी स्क्रीनकडे बघायचीही गरज नसते, पाठमोरं उभं राहून दुसऱ्याला सलाइन लावतानाही कळतं की मागच्या बेडवर काहीतरी बिघडतंय. तर कोविडच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, हा उतरता सूर एकेका शिफ्टमध्ये कितीदा ऐकला हे कोण मोजत बसणार.

(पडद्यावर: पीपीई किट काढणारे हात, क्लोजअप)

लोकांना वाटतं किट घालणं कठीण. घालताना माणूस ताजा असतो हो, काढतानाच खरी परीक्षा, कारण बाहेरची बाजू संसर्गाची. आधी ग्लोव्हज, मग गाऊन, मग गॉगल, मास्क सगळ्यात शेवटी आणि मध्ये मध्ये हात धुणं, आणि हे सगळं कधी, तर कित्येक तास पाणी प्यायलेलं नाही, बाथरूमला गेलेलं नाही, नाकावर मास्कचा वळ उठलाय आणि डोकं बधिर झालंय तेव्हा. म्हणजे दिवसभरात सगळ्यात जास्त लक्ष जिथे लागतं ती गोष्ट नेमकी अंगात त्राण उरलेलं नसताना करायची.

आता अशा माणसाला विचारा, काम आवडतं का? बरेच जण म्हणतात, हो, आवडतं. आणि लगेच त्याच दमात सांगतात की रात्री झोप लागत नाही, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही, गाडी पार्क करून तशीच अर्धा तास बसून राहते. ऐकणारा गोंधळतो, अरे नक्की काय, समाधान आहे की नाही?

दोन्ही आहे. आणि हेच समजून घ्यायचंय.

बर्नआउट हा शब्द आपण फार स्वस्त केलाय, सोमवारी कंटाळा आला तरी बर्नआउट. कामाच्या संदर्भात तो रुळवला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसोपचार करणाऱ्या माणसाने, 1974 मध्ये. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या एका मोफत क्लिनिकमध्ये काम असं तो करायचा आणि जळून राख होणं म्हणजे काय हे त्याने आधी स्वतःवर अनुभवलं. तिथे काम करायला येणारे लोक पाट्या टाकणारे नव्हते, मनापासून झोकून देणारे होते, आणि विझत होते तेही तेच.

पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सनबरोबर 1981 मध्ये ते मोजायची प्रश्नावली आणली, 22 विधानांची, ती आजही वापरतात. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. पहिली, भावनिक थकवा, म्हणजे द्यायला आत काही शिल्लकच नाही. तिसरी, आपल्या हातून काही भलं होतंय असं न वाटणं. पण मला सगळ्यात अस्वस्थ करते ती मधली. पेशंट माणूस वाटेनासा होतो. तो 'बेड नंबर सात' होतो, 'तो व्हेंटिलेटरवाला' होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती कोरडी झालीये ही सिस्टर, पण आदल्या आठवड्यात तिने तीन पेशंटच्या कानाला फोन लावून त्यांच्या घरच्यांचं शेवटचं बोलणं ऐकवलेलं असतं, फोन तिच्याच हातात होता म्हणजे ते सगळं तिनेही ऐकलेलंच. चौथ्या वेळी मन दार लावून घेतं. ही कठोरता नाही हो, चटका बसू नये म्हणून हात मागे घेतो ना आपण, तसं काहीतरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी 11 मध्ये, बर्नआउटची नोंद आहे पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा साचलेला, नीट न हाताळला गेलेला ताण असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे गोष्ट माणसाइतकीच जागेची आहे. आणि तरीसुद्धा कितीतरी ठिकाणी उपाय काय, तर स्टाफसाठी ऑनलाइन मेडिटेशन. तेही शिफ्ट संपल्यावर, स्वतःच्या झोपेच्या वेळेत!

(पडद्यावर: एकाच मजल्यावरचे समोरासमोर दोन वॉर्ड)

आता एक गंमत बघा, गंमत म्हणायची म्हणून. 2020 च्या सुरुवातीला वुहानमध्ये कॅन्सरच्या डॉक्टर आणि नर्सेसचा एक छोटा अभ्यास झाला, 190 जणांचा. काही जण थेट कोविड वॉर्डात गेलेले, बाकीचे आपल्या नेहमीच्या वॉर्डात. बर्नआउट जास्त कुठे असेल? कोणीही सांगेल कोविड वॉर्डात. निघालं उलटं, तिथे 13 टक्के आणि नेहमीच्या वॉर्डात 39 टक्के. आता एका छोट्या अभ्यासावरून मोठी इमारत बांधू नये, आणि तेव्हा साथ नुकतीच सुरू झालेली, दुसरं तिसरं वर्ष उजाडायचं होतं. पण संशोधकांचा एक अंदाज पटण्यासारखा आहे, की जे समोरासमोर लढत होते त्यांना निदान परिस्थिती थोडीफार आपल्या हातात असल्यासारखं वाटत असावं. बाकीच्यांच्या वाट्याला नुसती धाकधूक.

हातात असणं, हा शब्द धरून ठेवा.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये साधारण 200 इंजिनियर आणि अकाउंटंटशी बोलून एक गोष्ट मांडलेली. समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक हे वाईट असेल तर माणूस वैतागतो, पण कामाचं समाधान मिळतं ते कामातूनच, जमलं, उपयोग झाला, कुणी दखल घेतली यातून. या सिद्धांतावर टीका भरपूर झालीये पण महामारीतलं हॉस्पिटल बघितलं की तो आठवतोच. व्हेंटिलेटरवरून उतरलेला पेशंट चालत घरी जातो, अख्खा स्टाफ दारात टाळ्या वाजवतो, ते समाधान शंभर टक्के खरं. आणि त्याच दिवशी पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लागतो, सुट्टी कापलेली, विचारलं कुणी नाही, तो संतापही शंभर टक्के खरा. एकाने दुसरं भरून निघत नाही.

आणि टाळ्या तरी कुणासाठी? डॉक्टर, नर्स डोळ्यासमोर येतात. वॉर्ड पुसणारे, लॉन्ड्रीवाले, स्वॅब तपासणारे लॅब टेक्निशियन, शवागारात काम करणारे, हे कॅमेऱ्यात फारसे आलेच नाहीत (आमच्याही कॅमेऱ्यात कमीच आलेत, ते कबूल करतो). जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत. दोन आकड्यांमधलं अंतर बघा. मेलेल्यांची नीट मोजणीही नाही.

एक जखम मात्र थकव्यात बसत नाही. बेड एक आणि पेशंट दोन. काय करायला हवं हे माहीत आहे, करता येत नाहीये. याला मॉरल इंज्युरी, म्हणजे मनातल्या योग्य-अयोग्याला झालेली जखम, म्हणतात, हा शब्द युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना आला, मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांच्या कामातून. असा माणूस आठ दिवस झोपला तरी बरा होत नाही, कारण तो दमलेला नाहीये, त्याला स्वतःकडे बघवत नाहीये.

हे किती काळ टिकतं? 2003 च्या सार्सच्या साथीनंतर कॅनडातल्या टोरंटोमधल्या हॉस्पिटल कर्मचाऱ्यांना 13 ते 26 महिन्यांनी तपासलं, तेव्हाही सार्सचे पेशंट न बघितलेल्या हॉस्पिटलांपेक्षा त्यांच्यात बर्नआउट जास्त होता. ज्यांना वाटत होतं की आपल्याला ट्रेनिंग नीट मिळालं, पाठीशी कुणीतरी उभं होतं, त्यांना त्रास कमी. कोविडच्या कितीतरी आधीच कळलेली गोष्ट आहे ही, साधी, आणि बहुतेक ठिकाणी कपाटात पडून राहिलेली.

5 मे 2023 ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं. वॉर्डातले पडदे बदलले, जमिनीवरच्या रंगीत पट्ट्या खरवडून काढल्या, नाकावरचे वळ तर केव्हाच गेले.

(पडद्यावर: घराचं स्वयंपाकघर, मायक्रोवेव्ह, नर्सची पाठ)

आता तिला सुट्टी आहे. मायक्रोवेव्ह वाजला. तिने मागे वळून पाहिलं नाही, नुसता हात थांबला, आणि पुढची बीप आधीच्याच पट्टीत आहे ना, तेवढं ऐकून घेतलं.